ततपप, टरफलं आणि सकाळचं टूलबॉक्स टॉक

समोर बसलेले सगळे कोबीचे गड्डे आहेत असं समजून बोलायचं, हा सल्ला मला आजवर इतक्या लोकांनी दिलाय की विचारू नका. शाळेतल्या बाईंनी दिला, मामाने दिला, एका बॉसने दिला आणि बहिणीच्या लग्नात दोन शब्द बोलायची वेळ आली तेव्हा चक्क केटररनेही दिला. मला एक कळत नाही, समोर खरंच कोबी असेल तर बोलायचं कशाला, चिरून भाजी टाकावी. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. समोरची माणसं मला माणसं वाटायला लागली तेव्हा कुठे माझी भीती कमी झाली. कमी झाली म्हणतोय, गेली म्हणत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.

मी बांधकाम साइटवर इंजिनियर आहे. राहतो भांडुपला, साइट शिवडीला, टॉवरचं काम. लोकांना वाटतं साइटवरचा माणूस म्हणजे आवाज चढवूनच बोलणार, आणि ते खरंही आहे, समोर एकदोन माणसं असतील तर मी कितीही वेळ बोलतो, भांडतोसुद्धा. पण तेच लोक रांगेत उभे राहिले आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं की संपलं. जीभ टाळ्याला चिकटायची, आवाज बारीक व्हायचा, डाव्या पायाची पोटरी आपली आपण थरथरायला लागायची, आणि ही पोटरी समोरच्यांना दिसतेय की काय या विचारात पुढचं वाक्य गुल. सगळ्यात वाईट म्हणजे ट्रेनिंगमधला तो ओळख करून द्यायचा राउंड. कोपऱ्यातून सुरुवात होते, एकेक जण नाव, गाव, अनुभव सांगत येतो आणि आपण मनात स्वतःचंच नाव घोकत बसलेलो असतो. मी असे कितीतरी राउंड केलेत आणि त्यातलं एकाही माणसाचं नाव माझ्या डोक्यात शिरलेलं नाही.

हे सुरू कुठून झालं ते मला चांगलं आठवतंय. एक ऑगस्ट, लोकमान्य टिळक पुण्यतिथी. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. बाईंनी वहीत भाषण लिहून दिलं, आईने जेवताना, आंघोळीला जाताना, झोपताना घोकून घेतलं, अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो. सगळं धडाधड चाललं होतं, शेंगांच्या गोष्टीपर्यंत आलो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणालो आणि पुढे काही नाही. म्हणजे काहीच नाही, कोरी पाटी. गंमत अशी की त्या हॉलमधल्या प्रत्येक पोराला पुढचं वाक्य पाठ होतं. पहिल्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं टरफलं, मग दुसऱ्या रांगेतून टरफलं, मग सगळी शाळाच टरफलं टरफलं करायला लागली आणि मी नमस्कार करून खाली उतरलो. पुढे दहावीपर्यंत मला टरफल्या म्हणायचे.

त्यात वाईट वाटण्यासारखं फार काही नव्हतं हे आता कळतं, पण त्या दिवशी डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की भाषण म्हणजे एक ओळ सुटली की मेलो. आणि मग आयुष्यभर मी प्रत्येक वेळी तेच केलं, जास्त पाठ केलं. कॉलेजच्या सेमिनारला पाठ, इंटरव्ह्यूला पाठ, क्लायंटच्या मीटिंगला तर इंग्रजीत पाठ, म्हणजे आगीतून फुफाट्यात. नंतर नंतर तर टाळायचीच कला जमली, प्रेझेंटेशन बनवायचं मी आणि बोलायचं दुसऱ्याने, वर तोच म्हणणार काय भारी स्लाइड्स केल्यास. मीटिंगमध्ये माझा नंबर जवळ आला की साइटवरून फोन यायचा. साइटवर फोन येतातच त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

मग एका पावसाळ्यात आमचा सेफ्टी ऑफिसर नोकरी सोडून गल्फला गेला, नवीन यायला वेळ लागणार होता आणि प्रोजेक्ट मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, तोपर्यंत सकाळचं टीबीटी तू घे. टीबीटी म्हणजे टूलबॉक्स टॉक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुठल्याही बऱ्या साइटवर सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या कामगारांना गोळा करतात, हेल्मेट, बूट, हार्नेस म्हणजे उंचीवर घालायचा सुरक्षा पट्टा, हे सगळं तपासतात आणि दहाएक मिनिटं आजच्या कामात धोका कुठे आहे, काय काळजी घ्यायची ते सांगतात. आमच्याकडे तेव्हा रोज शे-सव्वाशे माणसं, सेंट्रिंगवाले, बारबेंडर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, बिहार, बंगाल, ओडिशा, आपले मराठवाड्याकडचे, सगळे. बोलायचं हिंदीत आणि तेही रोज. मी म्हटलं सर मला नाही जमणार. ते म्हणाले कागदावर पॉइंट दिलेत ना, वाचून दाखव.

तर मी वाचून दाखवायला लागलो. ऊंचाई पर काम करते समय सुरक्षा पट्टे का प्रयोग अनिवार्य है, असलं सरकारी हिंदी, डोकं कागदात, पावसाने कागद ओला, एका हातात मेगाफोन. लोक उभे राहायचे, तंबाखू मळायचे, मागचे लोक आपापसात बोलायचे. मला बरंच वाटायचं, कोणी बघत नाही ते बरं. असं काही आठवडे चाललं असेल.

आमच्याकडे साताऱ्याकडचे एक मुकादम आहेत, साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. एक दिवस टीबीटी संपल्यावर चहा घेताना म्हणाले, "सायेब, राग मानू नका, पर तुम्ही वाचताय ते आमास्नी समजत न्हाई आन तुमास्नीबी समजत नसंल. तो कागद ठेवा खिशात. काल तो पाना पडला ना वरून, तेवढं सांगा की."

आदल्या दिवशी अकराव्या मजल्यावरून एक पाना खाली पडला होता. कोणाला लागला नाही, प्लायवुडच्या थप्पीवर आदळला आणि प्लायला भोक पडलं. अशा गोष्टीला नियर मिस म्हणतात, रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. रात्री मी सहज हिशोब केला, अकरा मजले म्हणजे तेहतीस मीटर धरा, तिथून सुटलेली वस्तू जमिनीवर येईपर्यंत ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. दुसऱ्या दिवशी ते भोक पडलेलं प्लायच उचलून आणलं, पुढे उभं केलं, आणि म्हणालो, कल ये यहाँ पे गिरा. मेगाफोन घ्यायचं विसरलो होतो म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. हा पाना किती वेगाने आला ते सांगितलं, इथे त्याच्या पाच मिनिटं आधी दोन माणसं बसून डबा खात होती ते सांगितलं, ती दोघं समोरच उभी होती, त्यांच्याकडे सगळ्यांनी वळून बघितलं. तंबाखू मळणारे हात थांबले. मागून एकाने विचारलं, साहब, पाना किसका था? आणि सगळे हसले, मीही हसलो, मग हत्याराला दोरी कशी बांधायची, वर काम करताना टूल लॅनयार्ड का लावायचा यावर पंधरा मिनिटं बोलणं झालं, अर्धं तर त्यांनीच केलं. खाली आलो तेव्हा लक्षात आलं की पोटरीकडे माझं लक्षच नव्हतं.

इथे मला कायतरी सापडलं. मी बोलायला घाबरत नव्हतो, मी पाठ केलेलं विसरायला घाबरत होतो. पाठ केलेलं भाषण म्हणजे मालगाडी, एक डबा घसरला की मागचे सगळे घसरले. घडलेली गोष्ट सांगताना विसरणार काय? क्रम चुकला तरी चालतो, अरे हां ते राहिलंच म्हणून मागे जाता येतं. आणि आपण सगळे हे रोज करतो की, लोकलमध्ये, नाक्यावर, घरी जेवताना. आमच्या पिढीला भाषण हा प्रकारच वक्तृत्व स्पर्धेतून भेटला, हातवारे कुठे करायचे तेही ठरवलेलं, आवाज कुठे चढवायचा तेही ठरवलेलं, त्यामुळे बोलणं वेगळं आणि भाषण वेगळं असं डोक्यात बसलं. स्पर्धांमधून चांगले वक्ते तयार होतात हे मान्य, पण प्रत्येक वक्त्यामागे किती टरफल्या तयार होतात ते कोणी मोजत नाही.

म्हणजे लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. साइटवर जमायला लागलं पण ऑफिसात, एसीमध्ये, टेबलाभोवती शर्ट इन केलेली माणसं बसली की परत येरे माझ्या मागल्या. तेव्हा मी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारलं, यावर काही गोळी असते का, कारण कोणीतरी सांगितलं होतं की स्टेजवर वाजवणारे, गाणारे लोक घेतात. डॉक्टर म्हणाले असते, बीटा ब्लॉकर म्हणतात, प्रोप्रानोलॉल हे त्यातलं नेहमीचं नाव, ॲड्रिनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवतं म्हणून धडधड आणि थरथर कमी होते. पण तुला लहानपणापासून दमा आहे, तुला ती द्यायचीच नाही, श्वासनलिका आकसू शकते. कोणाचं बघून मेडिकलमधून आणायचं तर अजिबातच नाही. मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं, आणि खरं सांगू का, मला त्या चित्राचा गोळीपेक्षा जास्त उपयोग झाला. मेंदूला इतके डोळे आपल्याकडे वळलेले दिसले की तो धोका आहे असं धरून चालतो, मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात पळतं, रक्त पोटाकडून हातापायाच्या मोठ्या स्नायूंकडे जातं म्हणून पोटात गोळा येतो, लाळ कमी होते म्हणून तोंड कोरडं पडतं, गळ्याचे स्नायू आवळतात म्हणून आवाज बारीक. शरीर पळायच्या तयारीत आणि आपण त्याला माईकसमोर उभं केलंय, मग पोटरी थरथरणार नाही तर काय करणार.

त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, श्वास घेताना ठोके थोडे वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून बोलायला उठायच्या आधी श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा. दीर्घ श्वास घ्या, दीर्घ श्वास घ्या असं सगळे सांगतात, सोडायचं कोणी सांगत नाही. दुसरं, हे जे चढतं ते चढूनच राहत नाही, पहिलं मिनिट दीड मिनिट काढलं की उतरायला लागतं, फक्त तेवढ्यात पळून जायचं नाही. मी आजवर नेमका त्याच मिनिटात पळत होतो.

त्याच सुमारास ऑफिसातल्या एका मित्राने टोस्टमास्टर्स नावाच्या, भाषणाचा सराव करायच्या क्लबच्या मीटिंगला नेलं, दादरला. मला आधी वाटलं हे काहीतरी चेन मार्केटिंग असणार, दारातच हसतमुखाने शेकहँड करणारी माणसं बघितली की मला तोच संशय येतो. पण तसं नव्हतं. १९२४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली नावाच्या माणसाने हे सुरू केलं आणि आता जगभर त्यांचे क्लब आहेत, आपल्या मुंबईतही ढिगाने आहेत. कोणी शिकवायला नसतं, सगळे एकमेकांसमोर बोलतात आणि एकमेकांना सांगतात काय बरं होतं, काय नव्हतं. एक जण टायमर घेऊन बसतो, हिरवं कार्ड, पिवळं, लाल. पहिल्या भाषणाला आइसब्रेकर म्हणतात, चार ते सहा मिनिटं, विषय तुम्ही स्वतः. एक जण फक्त तुमचे अं, आं, म्हणजे, ॲक्च्युअली मोजतो आणि शेवटी सगळ्यांसमोर आकडा वाचतो. माझा आकडा ऐकून मलाच हसू आलं. आणि टेबल टॉपिक्स म्हणून प्रकार असतो, विषय आयत्या वेळी मिळतो आणि तिथल्या तिथे एक ते दोन मिनिटं बोलायचं. लोक याला सगळ्यात जास्त घाबरतात, मला तोच सगळ्यात सोपा गेला, कारण पाठ करायला वेळच नाही! मला आला होता विषय, छत्री. मुंबईत राहणाऱ्या माणसाला छत्रीवर दोन मिनिटं कमीच पडतात, दुरुस्तीवाल्यावर आलो तोवर लाल कार्ड.

तिथलं मला सगळंच आवडलं असं नाही. टाळ्या फार. माणूस उठला टाळ्या, बसला टाळ्या, नुसता खोकला तरी टाळ्या वाजवतील असं वाटतं. आणि थोड्या दिवसांनी सगळेच एका छापाचे बोलायला लागतात, तोच पॉज, तेच हात पसरणं, तो वक्तृत्व स्पर्धेचाच इंग्रजी भाऊ झाला. पण एक गोष्ट मान्य करायलाच पाहिजे, पडलात तरी कोणी हसत नाही आणि पुढच्या मीटिंगला परत उभं करतात. ही सोय बाहेर कुठे मिळत नाही.

त्या क्लबमध्ये एक वकीलबाई आहेत, त्यांनी एकदा गांधीजींची गोष्ट सांगितली, मला खरी वाटली नाही म्हणून घरी येऊन आत्मकथा काढून वाचली तर शब्दन् शब्द तसाच. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आले, इथेच मुंबईत प्रॅक्टिस सुरू केली, लघुवाद न्यायालयात ममीबाई नावाच्या बाईंची पहिली केस. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरायला लागलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, एजंटला सांगितलं मला जमणार नाही, पटेल वकिलांना द्या, आणि फी परत केली. फी होती ३० रुपये, पटेलांनी ५१ घेतले. पुढे १८९६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांबद्दल मुंबईत सभा होती, भाषण लिहून आणलेलं, तरी वाचताना थरथर. बाजूला बसलेले पुढारी फिरोजशहा मेहता सांगतायत मोठ्याने वाचा, मोठ्याने वाचा, आणि ते जितकं सांगतील तितका यांचा आवाज आत. शेवटी ते भाषण दिनशा वाच्छांनी वाचून दाखवलं. मला यातलं 'मोठ्याने' फार पटलं. ज्याला घाबरायला होतंय त्याला मोठ्याने बोल सांगणं म्हणजे जखमेवर मीठ, पण प्रत्येक कार्यक्रमात मागच्या रांगेत एक फिरोजशहा असतोच.

दुसरी एक गोष्ट मला बायकोमुळे कळली. मी म्हणायचो की माझी थरथर सगळ्यांना दिसते, ती म्हणायची काही दिसत नाही. भांडण मिटवायला तिने एक दिवस मोबाईलवर शूट केलं. मी ते बघितलं आणि खरंच, जो माणूस आतून कोसळत होता तो बाहेरून फक्त थोडा गंभीर दिसत होता. पोटरी तर दिसतच नव्हती, पॅन्टच्या आत कोण बघतंय! नंतर वाचलं की सॅविट्स्की आणि गिलोविच नावाच्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याच्यावरच प्रयोग छापलेत. बोलणाऱ्याला वाटतं आपली भीती लोकांना आरपार दिसतेय, प्रत्यक्षात लोकांना त्याच्या मानाने फारच कमी दिसते, आणि भाषणाच्या आधी ही गोष्ट ज्यांना समजावून सांगितली ते न सांगितलेल्यांपेक्षा चांगलं बोलले. बायकोला हे दाखवलं तर म्हणाली मी फुकटात सांगत होते.

मोठा प्रसंग आला तो चार मार्चला. राष्ट्रीय सुरक्षा दिन. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली याच तारखेला स्थापन झाली म्हणून चार मार्च, सगळ्या साइट्सवर झेंडे, शपथ, पोस्टर, बक्षिसं. नवीन सेफ्टी ऑफिसर आलेला होता पण प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले टीबीटीचा अनुभव तूच सांग, हॉलमध्ये, क्लायंट, कन्सल्टंट, आमचे डायरेक्टर आणि मागे कामगार. आदल्या रात्री झोप नाही. सकाळी पोट बिघडलेलं. आणि माझ्यातला जुना खोडसाळ मुलगा म्हणत होता, पाठ कर, पाठ कर. नाही केलं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पक्कं केलं, कारण पहिल्या मिनिटात डोकं चालत नाही तेव्हा तोंडाला काहीतरी तयार लागतं. मधले चार शब्द एका जाड पुठ्ठ्यावर, पोस्टकार्डाएवढ्या, मोठ्या अक्षरात. कागद कधीच घेऊ नका, पातळ कागद हातात असला की हाताची बारीकशी थरथरसुद्धा फडफडून सगळ्यांना ऐकू जाते, वर माईक जवळ असेल तर विचारूच नका.

बोलायला उठलो, लांब श्वास सोडला, समोर मामा बसले होते, त्यांच्याकडे बघून पहिलं वाक्य बोललो. मधे एकदा अडकलो. चांगलं लक्षात आहे, हार्नेसच्या मुद्द्यावरून पुढे जायचं होतं आणि सगळं साफ. पूर्वी इथेच नमस्कार करून उतरलो असतो. या वेळी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, शेवटचं वाक्य परत म्हटलं आणि पुठ्ठ्यावर बघितलं. मला वाटलं अख्खं मिनिट गेलं. बायकोला दाखवायला एकाने शूट करून दिलं होतं त्यात बघितलं तर जेमतेम पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, उलट डायरेक्टर म्हणाले की तो पॉज छान घेतलास. मी म्हटलं थँक्यू सर.

पण माझं खरं आवडतं बोलणं ते नाही. ते झालं पुढच्या महिन्यात, १४ एप्रिलला. त्या दिवसापासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो आणि त्याचं कारण आपल्या मुंबईत आहे, हे साइटवर कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यांवरून बंदराचा पट्टा दिसतो, मी त्या दिवशी टीबीटीत दक्षिणेकडे हात करून सुरुवात केली, वहाँ, उस तरफ, १९४४ में एक जहाज खड़ा था. फोर्ट स्टिकीन, व्हिक्टोरिया डॉक. पोटात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, त्याच जहाजात कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला, बंबवाले आले, पाण्याचा मारा चालू, आग सापडेना. चारच्या पुढे स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. पेटता कापूस गोदामांवर, वस्तीवर पाऊस पडावा तसा पडला, शेकडो माणसं गेली आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान परत आले नाहीत. हे सांगताना मी कधी मेगाफोन खाली ठेवला मला कळलं नाही. शंभर माणसं इतकी गप्प मी साइटवर कधी पाहिली नव्हती. मग विचारलं, आपल्या साइटवर कापूस कुठला आणि स्फोटकं कुठली? थिनरचे डबे वेल्डिंगच्या बाजूला ठेवतात, एकाने सांगितलं. केबलच्या रोलवर सिलेंडर, दुसऱ्याने सांगितलं. तिसऱ्याने विचारलं, सोना मिला क्या साहब? म्हटलं मिळालं, बहुतेक मिळालं, पण गोदीतला गाळ काढताना कितीतरी वर्षांनीसुद्धा वीट सापडली होती. झालं, आठवडाभर शिवडीच्या चिखलात खणायला जायचे बेत चालले होते.

त्या दिवशी दुपारी थिनरचे डबे मी न सांगताच कोणीतरी हलवलेले होते.

आता बारीकसारीक. बोलायच्या आधी कटिंग चहा घेत नाही, आधीच पळणाऱ्या घोड्याला चाबूक कशाला, कोमट पाणी घेतो. कार्यक्रमाच्या जागी लवकर जाऊन रिकाम्या हॉलमध्ये एकदा माईकपाशी उभा राहून बघतो, आवाजवाल्याशी दोन शब्द बोलतो, म्हणजे निदान एक माणूस ओळखीचा. प्रॅक्टिस आरशासमोर करत नाही, आरशात स्वतःचाच चेहरा दिसतो आणि प्रॉब्लेमच तो आहे, त्यापेक्षा लोकलमध्ये दारात उभं राहून मित्राला सगळा विषय सांगून टाकतो, भांडुप ते दादर, तो जिथे कंटाळतो तिथे कापायचं. ऑनलाइन मीटिंगमध्ये स्वतःचा व्हिडिओ स्वतःला दिसणं बंद करता येतं, ते करतो. इंग्रजीत बोलायचं असेल तर मी आता सुरुवातीलाच सांगतो की अडलो तर हिंदीत सांगेन. अजून एकानेही नको म्हटलेलं नाही.

एक मात्र नक्की सांगावंसं वाटतं, माझं होतं ते सर्वसाधारण घाबरणं होतं. ज्यांना दुकानात चार लोकांसमोर बोलायलाही होत नाही, भीतीने नोकरी, कॉलेज सोडायची वेळ येते, त्यांना बिनधास्त बोल रे म्हणून काही होत नाही, त्यांनी सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, त्याच्यावर नीट उपचार आहेत, सीबीटी नावाची बोलण्यातून करायची थेरपी यावर चांगली चालते. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाकी टीबीटी आता नवीन सेफ्टी ऑफिसर घेतो, अधूनमधून मला बोलावतो आणि मी जातो. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली, पार्किंगच्या विषयावर कोणी उठेना म्हणून मी उठलो. पोटरी थरथरली, तिला थरथरू दिलं, कोणाची गाडी रात्री कुठे अडते ते नकाशावर दाखवून पाच मिनिटांत बसलो. मागून दोघांनी मोठ्याने बोला म्हणून ओरडून पाहिलं. ठराव पास झाला नाही तो भाग वेगळा, पार्किंगवर आमच्या सोसायटीत ब्रह्मदेव येऊन बोलला तरी एकमत व्हायचं नाही.